सावरगावचा गोटा आणि डोक्यातलं 'समजा'

...हसले! पाहा, आत्ताच हसले तुम्ही! अजून तर मी धड तोंडही उघडलं नाही, राजेहो. तुम्ही फक्त विचारलं, सुखदेवभाऊ, कपाळावर ही खूण कसली, आणि मी म्हटलं बसा, लांबची गोष्ट आहे, मंगला चहा ठेवून राहिली, तर लागले एकमेकाकडं पाहून गालात हसाले! काहून? तर सुखदेव आता फेकणार. माहीत आहे मले माझी ख्याती! मागच्या साली मी चौकात सांगितलं का माझ्या साळ्याच्या वाडीत बिबट्या शिरला, झाडाखाली मांडी घालून बसला आणि संत्रं सोलून खाऊन गेला, सालटं एका बाजूले, बिया एका बाजूले... ते अर्ध्या पांढुर्ण्यानं मानलं! काही लोकं तर बिया पाहाले गेले! आणि आज जिंदगीत पहिल्यांदा खरं सांगून राहिलो तर हसता? हसू नका. आतून ठक-ठक येऊन राहिलं ना? अद्रक कुटून राहिली ती. त्या आवाजाचीही एक गोष्ट आहे, पण ते मागून सांगीन. आधी गोटमार.

आता तुम्ही नागपूरचे, तुम्हाले सांगावं लागन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जाम नदीच्या मधात पळसाचं झाड गाडतात, त्यावर झेंडा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मग दिवसभर एकमेकाले गोटे. काहून? ते मले विचारू नका, माझ्या आज्यालेही विचारलं होतं, तो दरसाल वेगळं सांगे. माझ्या घरात तर त्या दिवशी बॉर्डर सयपाकघरातूनच सुरू होते, कारण मंगलाचं माहेर सावरगाव! सकाळी पोळी वाढतानाच डोळे वटारून विचारते, "काहो, यंदा कोणाकडून?" मी म्हणतो, बाई, पन्नाशी झाली, आता मी नुसता पाहणारा. आणि खरंच सांगतो, पाहणाराच होतो! नदीकाठच्या एका दोस्ताच्या गच्चीवर, हातात भज्याची प्लेट, बाजूले आमचे इवाई... इवाई म्हणजे माझ्या शिवानीचा सासरा, मोहगावचे रघुनाथराव, मोठा सज्जन माणूस, शिवानी बाळंतपणाले आमच्याकडं आलेली म्हणून तिले पाहाले आले होते, म्हटलं चला, गोटमार दाखवतो. दाखवली!

खाली हजारो माणसं, राजेहो, हजारो डोके! जवान डोके, टकले डोके, हेल्मेट घातलेले डोके. आणि तो एक गोटा... सावरगावच्या काठावरून उठला, नदी ओलांडली, पिंपळाले वळसा घातला, पाण्याच्या टाकीवर जरासा टेकला, आणि सीधा माझ्या कपाळावर! बरं, पिंपळाचा वळसा सोडून द्या, तेवढा मी घातला असन. पण कपाळ खरं आहे, हात लावून पाहा! भजे गेले उडून, मी खाली बसलो, रघुनाथरावांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि दोन्ही हातांनी माझं कपाळ असं दाबून धरलं, बिचाऱ्याचे तळवे आधीच सोलले होते, आदल्या दिवशी पोळ्यात बैलाचा कासरा हातातून सटकला होता ना... हे तळव्याचं लक्षात ठेवा, कामात येईन.

तर रक्त थांबलं, आणि मी तो गोटा उचलला. म्हटलं पाहू तरी कोणत्या साहेबांनी भेट घेतली. चांगला गोल, गुळगुळीत, मुठीत मावन असा, मधून एक पांढरी रेघ. एका बाजूले माझं ताजं रक्त, ते मी सदऱ्याले पुसलं. आणि दुसरी बाजू फिरवून पाहतो तर... तिथंही लाल! पण वाळलेलं! आता विचार करा. गोटमारीत काय गोटे नवीन येते का दुकानातून? तेच गोटे! इकडून तिकडं, तिकडून इकडं! आमच्यावाल्यानं मारला, सावरगावच्या कोणाले लागला, त्यानं तोच उचलला, परत मारला. म्हणजे हा गोटा माझ्याकडं यायच्या आधी कोणाले तरी भेटून आला होता! कोणाचं होतं ते रक्त? काय होतं त्या रक्तात? आणि समजा... फक्त समजा हं... समजा त्याले एचआयव्ही असन?

बस. त्या मिनिटाले, राजेहो, एचआयव्ही शिरला का नाही देव जाणे, पण हे 'समजा' शिरलं! आणि या 'समजा'वर दुनियेत गोळी नाही.

डॉक्टरनं टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी विचारलं, सुई नवीन आहे ना? त्यानं पाकीट फाडलेलं दाखवलं. मी म्हटलं, पाकीट नवीन आहे, पण समजा सुई...? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं का मी टाक्यांसकट घरी आलो. मग मोबाइल. अरे, तो मोबाइल ज्यानं काढला त्याचं काय सांगू! मी लक्षणं पाहिली. थकवा? आहे! लग्न झाल्यापासून आहे, पण आहे. भूक न लागणं? लागून राहिली, पण मन नाही खाण्यात. ताप? थर्मामीटर आणला, सकाळ-संध्याकाळ बगलेत, ताप नाही, म्हटलं समजा थर्मामीटरच खराब असन, दुसरा आणला! वजन? दुकानातल्या खिळे मोजायच्या काट्यावर उभा राहून वजन केलं मी! लोखंडी सामानाचं दुकान आहे ना आपलं, स्टेशन रोडवर, आणि त्यात काय काय असते पाहा: खिळे, ब्लेड, आरी, पत्रा, काटेरी तार! ज्या-ज्या गोष्टीनं माणसाले खरचटते ते सगळं मी विकतो! मी मोजे घालून बसू लागलो हातात. गिऱ्हाईक विचारे, "सुखदेवभाऊ, थंडी वाजून राहिली का?" भादव्यात!

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर घरी सांगायचं. कसं सांगायचं? या रोगाचं नाव काढलं ना, तर आपल्याकडं लोकं 'तबियत कशी आहे' हे नाही विचारत पहिले, 'गेला होता कुठं' हे विचारतात! आता मी काय सांगू, कुठं गेलो होतो? गच्चीवर गेलो होतो, भजे खाले गेलो होतो! आणि हे सांगणार कोण? तर ज्याच्या बिबट्यानं संत्रं सोललं तो!

म्हणून मी गुपचूप आपला बंदोबस्त केला. ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा, दाढीचं सामान तर कुलपात. मंगला म्हणे, "काहो, सोन्याचं आहे का ब्लेड?" मच्छर मारायची बॅट घेतली, कारण समजा मच्छर मले चावला आणि मग तिले चावला तर? तिनं कपाळावर हात मारला, "गोट्यानं कपाळ फुटलं का आतलं काही हललं?" आणि तो गोटा मी दोन प्लास्टिकच्या पन्न्यांत गुंडाळून जिन्याखाली रिकाम्या पेंटच्या डब्यात ठेवला. ठेवला काहून? अरे, साप चावला तर साप घेऊन जातात ना डॉक्टरकडं? समजा उद्या कोणी विचारलं, गोटा कुठं आहे, तर?

इथपर्यंत, राजेहो, माझं मीच भोगून राहिलो होतो. पण मग शिवानी बाळंत झाली.

मुलगी झाली. एवढीशी, लाल-लाल, मुठी आवळलेल्या, जणू तीच गोटे घेऊन आली होती हातात. नर्स बाहेर आली कपड्यात गुंडाळून, म्हणते, "घ्या आजोबा!" आणि मी... माझे हात मोज्यात होते, कपाळावर पट्टी होती, आणि डोक्यात 'समजा' होतं. मी हात मागं घेतले. तिले वाटलं लाजून राहिले, अजून पुढं केली, "घ्या ना, पहिली नात आहे." मी दोन पाय मागं सरकलो. मग ती रघुनाथरावांकडं वळली, तर काय सांगू, तेही हात मागं बांधून भिंतीले टेकले! दोन आजे, दोघांचेही हात पाठीमागं, जणू पोलिसानं उभं केलं! मंगलानं पोरगी घेतली आणि आमच्याकडं असं पाहिलं... म्हणते, "मुलगी झाली म्हणून ना? दोन्हीकडले बुढे सारखेच निघाले."

आता हसू नका, खरंच नका हसू. मी म्हटलं, नाही गं, तसं नाही. "मग कसं?" दुनियेभरच्या गोष्टी सांगणारा मी, बिबट्याच्या तोंडी संत्रं देणारा मी, तिथं मले एक खोटं सुचलं नाही! आत गेलो. शिवानीनं ऐकलंच होतं सगळं. नुसतं बाळाले माझ्याकडून आपल्याकडं वळवून घेतलं. ज्या पोरीले मी खांद्यावर बसवून पोळा दाखवला, ती पोरगी... जाऊ द्या. ठक-ठक थांबलं वाटते. नाही, चालूच आहे.

मग घरी आले सगळे. पाळण्यापाशी गेलो का शिवानी तोंड फिरवे. मी दुरून चुटक्या वाजवायचो, दारात उभा राहून तोंडं करायचो, पोरगी मले पाहून हसे का गॅसनं हसे ते माहीत नाही, पण हसे, आणि मग रडू लागली का मी इकडं तिकडं पाहू लागायचो का कोणी घ्या रे तिले! मंगला फणकारायची, "काहून? तुमचे हात काय गहाण टाकले?" सव्वा महिन्यानं बारसं धरलं, पाहुणे बोलावले, आणि मंगलानं बजावलं, "बारशाच्या दिवशी चारचौघांत पोरीले मांडीवर नाही घेतलं ना, तर शिवानी म्हणते, पुन्हा या घरी यायची नाही. मीही सावरगावले निघून जाईन." आता सावरगाव आहे किती दूर? पूल ओलांडला का आलं. पण ज्या टोनमधी म्हणाली ना, अमेरिका वाटली मले.

म्हणून ठरवलं. तपासणी. पण पांढुर्ण्यात? नाव नका काढू! इथं मी खोकला तरी चौकात विचारतात. म्हटलं सौसर. आता मी सौसर म्हणून राहिलो, पण ते सौसर नसनही, समजून घ्या, कारण तिथल्या एका माणसाची गोष्ट आहे. बारशाच्या आदल्या दिवशी मंगलाले सांगितलं, सौसरले चाललो. "कशाले?" मी म्हटलं... मी म्हटलं, बारशाचं काही आणाले. तर ती खुश! म्हणते, "मग बाजारातून एक वरवंटा आणा. मिक्सर आल्यापासून घरात वरवंटाच नाही, आणि बारशात तर लागतेच ना, झबलं-टोपरं घालून पाळण्यात ठेवाले. चांगला गोल पाहून आणा." आणतो म्हटलं. आणि थैलीत काय घेतलं? पेंटच्या डब्यातला गोटा! काहून? तर समजा त्यांनी म्हटलं, गोट्याचीच टेस्ट करून टाकू!

रस्त्यात जामसांवलीले उतरलो. हनुमानजीपुढं हात जोडले. ते तर तिथं आडवे पहुडलेले, निवांत, डोळे मिटून. मी म्हटलं, देवा, तुम्ही आरामात आहा, माझी झोप पाहा जराशी. नारळ वाढवला, अंगठ्याले करवंटी लागली, जरासं खरचटलं... झालं! पुजाऱ्याले विचारलं, दादा, इथं याच दगडावर आणखी कोणाचा अंगठा...? त्यानं प्रसाद दिला आणि पुढच्या भक्ताकडं वळला.

तर पोहोचलो त्या दवाखान्यात. तपासणीच्या खोलीपुढं बाक. मी तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, टोपी कपाळावर ओढलेली, म्हणजे ज्याले नाही पाहायचं त्यानंही पाहावं असा अवतार! बाकावर आधीच एक माणूस, तोही दुपट्ट्यात, तोही भिंतीकडं तोंड करून. मी या टोकाले बसलो, तो त्या टोकाले. थैली खाली ठेवली, तर गोटा फरशीवर आपटला, ठाण्णकन! त्या माणसानं दचकून पाहिलं. मी पाहिलं. ते तळवे... कासरा सटकून सोललेले, आता नुसते व्रण उरलेले...

"इवाईबुवा?"

"कोण इवाईबुवा? मी नाही."

"रघुनाथराव, आवाज तुमचाच आहे."

मग निघाला दुपट्टा. मोहगावचे रघुनाथराव! मी म्हटलं, तुम्ही इथं? मोहगावले दवाखाने नाही का? ते म्हणाले, "मोहगावात सगळे ओळखतात. पांढुर्ण्याले यावं तर तुम्ही तिथं. म्हणून इथं आलो, तर तुम्ही इथंही!" म्हटलं, पण झालं काय तुम्हाले? तर मान खाली. जमिनीकडं पाहून राहिले, बोटानं तळव्याचा व्रण खाजवून राहिले. शेवटी हळूच म्हणतात, "त्या दिवशी गच्चीवर तुमचं कपाळ धरलं ना मी... माझे तळवे सोललेले होते... तुमचं रक्त लागलं... तर डोक्यात आलं का समजा..."

समजा काय? समजा काय, रघुनाथराव? माझ्यापासून? मले? मी तर उठूनच उभा राहिलो! अरे, मले काय समजले तुम्ही? मी घरंदाज माणूस, बायको-पोरीचा माणूस, स्टेशन रोडवर दुकान आहे माझं! माझ्या रक्तावर संशय? "हळू बोला, हळू बोला," ते म्हणतात. मी म्हटलं, हळू काहून? तुम्ही माझ्यावर असा वहीम घेता? तर ते शांतपणे म्हणतात, "मग तुम्ही कोणावर वहीम घेऊन आले, इवाईबुवा?"

मी थैलीतला गोटा काढून दाखवला. म्हटलं, सावरगाववर.

"अख्ख्या?"

हो, अख्ख्या. बायकोचं माहेर, साळे, सासरे, सगळे! मी बसलो खाली. मग त्यांनी विचारलं, "म्हणून तुम्ही पोरीले घेत नव्हते?" मी म्हटलं, हो. आणि तुम्ही? "म्हणूनच." घ्या! दोन आजे, एक नात, आणि अख्खं गाव म्हणून राहिलं, बुढ्यांना मुलगी नको. दोघं मोठ्यानं हसलो का रडलो ते आता आठवत नाही, पण नर्स बाहेर येऊन म्हणाली, "शांत बसा, हा दवाखाना आहे."

आत एक माणूस होता समजावून सांगणारा, पस्तिशीतला, दाढी व्यवस्थित, शर्ट इस्त्रीचा. नाव नाही सांगणार, त्यानंही माझं कोणाले सांगितलं नाही. त्यानं पहिले पाणी दिलं, आपल्याच बाटलीतलं. मी प्यालो. मग त्यानं माझं सगळं ऐकलं. गोटा पाहिला, हसला नाही! तुमच्यासारखा नाही हसला! म्हणे, "काका, हा विषाणू माणसाच्या अंगाबाहेर टिकत नाही. वाळलेल्या डागात तर बिल्कुलच नाही. ताटातून नाही, टॉवेलातून नाही, मच्छरातून नाही, कडेवर घेतल्यानं नाही. गोट्यानं टेंगूळ येते, एचआयव्ही नाही." मी म्हटलं, हो साहेब, वाचलं मी हे, सगळं पाठ आहे, पण समजा... तो म्हणे, "हे समजा किती दिवसापासून आहे?" मी म्हटलं, पोळ्यापासून. "झोप?" नाही. "मग दुखणं हेच आहे, काका. भीतीचंही दुखणं असते, त्याचीही दवाई असते. रक्त तपासून देतो, पण ही भीती गेली नाही तर तिच्यासाठी डॉक्टर दाखवीन." आणि मग एकदम सहज, जसं कोणी आपला ब्लड ग्रुप सांगावा तसं म्हणाला, "मी स्वतः एचआयव्हीच्या गोळ्या घेतो. आठ वर्षं झाली. बायकोले नाही, पोरीले नाही. पोरगी शाळेत जाते. रोज मीच घेतो तिले, कडेवर, जड झाली तरी."

राजेहो, मी त्याच्याकडं पाहिलं. मग त्या पाण्याच्या बाटलीकडं पाहिलं. खोटं नाही बोलणार, एक क्षणभर 'समजा' उठून बसलं डोक्यात, म्हणे, सुखदेव, त्याचंच पाणी प्याला तू! आणि तो माझ्याच डोळ्यात पाहून राहिला होता. त्याले कळलं. त्याले रोज कळत असन. मी बाटली उचलली आणि उरलेलं पाणी गटागट पिऊन टाकलं. म्हटलं, बस रे, समजा, आता पी!

रिपोर्ट आले, दोघांचेही निगेटिव्ह. पण तो म्हणाला, "नियम म्हणून तीन महिने झाले का आणखी एकदा या, म्हणजे मनाले समाधान." आता हे म्हणायची काही गरज होती का? बसमधी बसेपर्यंत आनंदात, आणि बस सुटली तसं सुरू... पुन्हा काहून बोलावलं? समजा... रघुनाथरावांनी हात जोडले, "इवाईबुवा, तुमच्या पाया पडतो, मोठ्यानं नका म्हणू, मले लागते ते." घरी आलो, थैली टाकली दाराच्या मागं, आणि वरवंटा? वरवंटा डोक्यातून साफ गेला होता!

आता बारसं ऐका. पत्र्याच्या छताखालचं अंगण भरलेलं, बायका पाळण्याभोवती, घुगऱ्या, पेढे, शिवानी हिरव्या साडीत, पण चेहरा माझ्याकडं नाही. मी कोपऱ्यात, रघुनाथराव माझ्या बाजूले, दोघांचेही हात मागं. रिपोर्ट खिशात आणि हात मागंच! म्हणजे काय म्हणावं? पोरीले पाळण्यात ठेवली. आत्यानं कानात नाव सांगितलं, उर्वशी. मग मंगलानं काढला वरवंटा. झबलं घातलेला, टोपरं बांधलेला, काजळ लावलेला, बायकांनी या हातातून त्या हातात फिरवला आणि ठेवला पोरीच्या बाजूले. मी म्हटलं, वा, कुठून आणला हिनं? आणि टोपरं जरासं सरकलं...

पांढरी रेघ!

मी काय केलं मले माहीत नाही, राजेहो! खुर्च्या लाथाडल्या, दोन पाहुण्या बाजूले केल्या, एका मावशीच्या ताटातल्या घुगऱ्या छतापर्यंत गेल्या... बरं, पंख्यापर्यंत... आणि पाळण्यात हात घालून उचलली पोरीले! उचलली आणि छातीशी धरली, दोन्ही हातांनी, अशी घट्ट! आणि ती पोरगी, जिचं आत्ताच नाव ठेवलं, तिनं रडायचं सोडून माझी मिशी धरली. केवढी गरम असते हो एवढीशी पोर! दुधाचा वास. मी धापा टाकून राहिलो, आणि एकदम लक्षात आलं का मी तिले घेतलं आहे. कपाळाची खूण घेऊन, खिशातला रिपोर्ट घेऊन, डोक्यातलं 'समजा' घेऊन, घेतलं आहे. आणि काही झालं नाही. छप्पर जागच्या जागी होतं.

शिवानी माझ्याकडं पाहून राहिली होती. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. म्हणे, "बाबा... एवढ्या घाईनं?" आणि रडू लागली. रघुनाथराव पाठीमागून, "आता मले द्या, आता मले द्या!"

मग मी म्हटलं, आज खरं सांगूनच टाकतो. भरल्या अंगणात, पोरीले कडेवर घेऊन, सगळं सांगितलं! गोटा, वाळलेला डाग, थर्मामीटर, सौसर, बाक, सगळं! आणि लोकं... लोकं पोट धरून हसले, हो! शिवानी डोळे पुसत म्हणे, "बाबा, तुम्ही पण ना! बिबट्यानंतर आता हे!" मी म्हटलं, अगं, खरं! विचार तुझ्या सासऱ्याले! सगळ्यांनी रघुनाथरावांकडं पाहिलं. तो सज्जन माणूस, मोहगावचा, ज्यानं माझं कपाळ धरलं, ज्यानं माझ्यासोबत बाक धरला, पोरीले मांडीवर घेऊन म्हणतो कसा, "मी? मी तर सौसरले मोतीबिंदू दाखवाले गेलो होतो."

मंगलाले म्हटलं, तू तरी! तुले तो गोटा थैलीतच भेटला ना? "हो," म्हणे, "तुम्ही आणलेला वरवंटा थैलीतच होता. किती चांगला आणला! नुसता गेरू लागला होता एका बाजूले, धुतला तर पाणी भगवं झालं. दुकानदाराच्या हाताले असन पोळ्याचा गेरू." गेरू! ऐकलं? बैलाच्या शिंगाचा गेरू! ज्याच्यासाठी मी खिळ्याच्या काट्यावर चढलो तो गेरू होता! मी म्हटलं, अगं, तो सावरगावचा गोटा आहे, गोटमारीचा! तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "आणि समजा असला सावरगावचा, तर? माझ्या माहेरचा आहे, वाईट कसा असन?"

आता बोला काय बोलता! तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन आलो, तोही रिपोर्ट निगेटिव्ह, तो दवाखान्यातला माणूस म्हणे, समजा कसं आहे? मी म्हटलं, आहे, पण आता कोपऱ्यात बसते, दुकानात मोजे नाही घालत. उर्वशी आली का दिवसभर माझ्याच कडेवर राहते. आणि तो गोटा? फेकू नाही दिला मंगलानं. म्हणे, मिक्सरमधी एवढंसं अद्रक नीट होत नाही. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ, ओट्यावर, त्याच गोट्यानं, ठक-ठक, ठक-ठक... आणि मी रोज तोच चहा पितो. काय करता!

आलाच पाहा. घ्या. घ्या ना, गरम आहे... काहून? कप खाली काहून ठेवला? अहो, आत्ताच तर सांगितलं सगळं, विषाणू अंगाबाहेर टिकत नाही, गेरू होता तो गेरू, आणि उकळलेला चहा आहे! तुम्हीच तर मघा हसून राहिले होते, मी फेकून राहिलो म्हणून! मग आता काय झालं?... पाहुणेबुवा, चष्म्यातून काय पाहता कपात?

राहू द्या. मंगले, साध्या चहाचे दोन कप कर, बिनअद्रकाचे. हो, यांच्याही डोक्यात बसलं.